सीलबंद पिशवीतले अडीच टक्के

१

चोरी झाली आहे, यावर सर्वांचे एकमत होते. काय चोरीला गेले, कोठून गेले, आणि मुळात गेले की आले, यावर मात्र दोन जिल्ह्यांत दोन मते होती.

धुळ्याच्या प्रयोगशाळेचे म्हणणे असे की, जळगावच्या प्रयोगशाळेने शेंगदाण्यात नसलेले तेल दाखवले. जळगावचे म्हणणे असे की, धुळ्याने असलेले तेल हरवले. दाणे एकाच शेतातले, चोपड्याच्या चुडामण नानांचे. त्यांनी सहा वर्षे निवड करून वाढवलेले ते वाण. एका ढिगातले दाणे दोन्ही प्रयोगशाळांच्या माणसांनी मिळून मिसळले, पाचशे-पाचशे ग्रॅमच्या आठ पिशव्या भरल्या, लाखेची सीले ठोकली. चार पिशव्या जळगावला गेल्या, चार धुळ्याला. प्रत्येकाने तीन तपासायच्या आणि एक राखून ठेवायची, असा करार होता.

जळगावच्या तीन पिशव्यांत तेल निघाले पन्नास पूर्णांक चार टक्के, पुन्हा पन्नास पूर्णांक चार आणि पन्नास पूर्णांक पाच. धुळ्याला निघाले सेहेचाळीस पूर्णांक नऊ, सत्तेचाळीस पूर्णांक आठ आणि अठ्ठेचाळीस पूर्णांक सात. सरासरीत दोन पूर्णांक सहाचा फरक. बोलताना सगळे त्याला अडीच टक्के म्हणत आणि हेमांगी भंगाळे दर वेळी दुरुस्ती करीत.

हेमांगीबाईंची उभी हयात भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाचे पृथक्करण करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या तिथल्याच वसाहतीशेजारी राहत. राख, ओलावा आणि माणसांची विधाने या तिन्ही गोष्टी दोनदा मोजल्याशिवाय लिहायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. चौकशीसाठी त्यांना बोलावले होते जळगावच्या प्रयोगशाळेचे संचालक डॉ. हितेंद्र राणे यांनी. सोमवारी सकाळी त्या पोहोचल्या, तेव्हा राण्यांच्या टेबलावर एक टाईप केलेले पत्र तयार होते. फक्त सही व्हायची होती.

पत्र रूपाली सोनवणे हिच्या नावाचे होते. तेलाच्या चाचण्या तीच करी. आकडे बनवल्याच्या आरोपावरून तिला शनिवारी कामावरून कमी करण्यात येणार होते.

"सात वर्षे इथे आहे, चांगली मुलगी आहे," राणे म्हणाले. "पण मॅडम, तीन पिशव्यांचे आकडे इतके सारखे येतात का कधी? निसर्गात?"

हेमांगीबाईंना हाच प्रश्न भुसावळहून येताना गाडीत पडला होता. खरे आकडे थोडे विस्कटलेले असतात. हे आकडे भांग पाडून आल्यासारखे दिसत होते.

२

रूपाली एकोणतीस वर्षांची होती. ती रडली नाही, त्यामुळे राण्यांना ती निगरगट्ट वाटली होती. हेमांगीबाईंना ती केवळ गोंधळलेली दिसली. एखाद्याला स्वतःच्याच घराचे कुलूप उघडेना झाले, म्हणजे जसा चेहरा होतो, तसा.

तिने पद्धत सांगितली. दाणे दळायचे, पीठ वाळवायचे, कागदी नळकांड्यात भरून सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवायचे. खालच्या चंबूत तेल विरघळवणारे द्रावक उकळते, वाफ वर जाते, थंड होऊन पिठावर ठिबकते, तेल घेऊन खाली उतरते. आठ तास हे चालते. मग द्रावक उडवून लावायचे आणि चंबूत उरलेले तेल तोलायचे. उरलेले सगळे तेलच, असे धरून.

"धरून?" हेमांगीबाईंनी विचारले.

"द्रावक पूर्ण उडाले नाही, तर त्याचेही वजन तेलातच येते. म्हणून मी चंबू दोनदा भट्टीत ठेवते. वजन बदलले नाही, तरच लिहिते."

हेमांगीबाईंनी चंबू तोलले, तराजू तपासला, भट्टीचे तापमान पाहिले, कागदी नळकांडे रिकामेच चालवून त्यात तेल येते का ते बघितले. आले नाही. ओलावा वजा करूनच दोन्ही ठिकाणचे आकडे मांडले होते, तेही त्यांनी पुन्हा गणित करून पाहिले. सगळे ठीक होते. इतके ठीक की, त्यांची पंचाईत झाली.

जाताना रूपाली हळूच म्हणाली, "मॅडम, या पत्रानंतर मला कोणी काचेच्या भांड्याला हात लावू देणार नाही. पण मला त्याहून वेगळीच भीती वाटते. मी काही चुकीचं करत असेन आणि मलाच ते दिसत नसेल तर?"

अपराधी माणूस सहसा हा प्रश्न विचारत नाही. पण हा काही पुरावा नव्हे, असे हेमांगीबाईंनी स्वतःला बजावले आणि रूपालीने जपून ठेवलेल्या पिठाची बरणी मागून घेतली.

३

मंगळवारी त्या एस.टी.ने धुळ्याला गेल्या. तिथले यंत्र कामिनी देसले चालवी. चाळिशीची, चटपटीत आणि जळगावविषयी ठाम मते असलेली बाई.

हे यंत्र दाणे दळत नाही, उकळत नाही. वाळवलेले अख्खे दाणे काचेच्या नळीत भरून चुंबकाच्या पोटात ठेवायचे. आतल्या तेलातला हायड्रोजन जो इशारा देतो, त्यावरून मिनिटभरात तेलाचे प्रमाण कळते. दाणे जसेच्या तसे परत मिळतात.

"म्हणजे आमच्याकडे हातचलाखीला जागाच नाही," कामिनी म्हणाली. "पिशवी फोडली, वाळवले, नळीत ओतले. तुमच्या जळगावला आठ तास. आठ तासांत माणूस लग्न लावून येतो."

हेमांगीबाईंनी विचारले, यंत्राला तेल म्हणजे काय हे कोणी शिकवले? कामिनीने सांगितले, हे यंत्र मुळात ऑलिव्हच्या एका योजनेसाठी आणले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी ऑलिव्हची झाडे लावायची, फळांतले तेल इथे मोजायचे. झाडे जगली, फळ एकही धरले नाही. यंत्र राहिले, आणि त्याचे माप अजूनही ऑलिव्हच्या तेलावर लावलेले होते.

हेमांगीबाईंच्या मनात दिवा लागला. त्यांनी जळगावहून आणलेले शुद्ध शेंगदाणा तेल यंत्राला दाखवून माप नव्याने लावून घेतले. आकडे सरकले, पण एका दशांशाने. दिवा विझला.

मग त्यांनी रूपालीची बरणी पुढे केली. पद्धत खोटी बोलत असेल, तर जळगावच्या पिठालाही धुळ्याचे यंत्र सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच म्हणेल.

यंत्र म्हणाले, पन्नास पूर्णांक दोन.

कामिनीने नळी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पन्नास पूर्णांक तीन.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे, आणि सॉक्सलेटही," हेमांगीबाई म्हणाल्या.

"म्हणजे पीठच बदललेले आहे," कामिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजातली मिजास प्रथमच उतरली. "बिचारी. असं कशाला केलं तिनं?"

४

आता एकच मार्ग होता. धुळ्याने राखून ठेवलेली चौथी पिशवी हेमांगीबाईंनी सीलसह ताब्यात घेतली, रात्रभर स्वतःच्या कपाटात ठेवली आणि बुधवारी सकाळी जळगावला नेली. त्या दिवशी चुडामण नानाही आले होते. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणे. राण्यांच्या दारात ते उभेच राहिले.

"अक्का," ते हेमांगीबाईंना अहिराणीत म्हणाले, "दाना एकच शे. दोन गावमा त्याचं तेल दोन कसं व्हई? मी काय दान्याले शिकाडेल शे का, जळगावले जाशी तर जास्त दे म्हनीसन?"

प्रश्न रास्त होता. हेमांगीबाईंनी त्यांच्यासमोर सील तपासले, पिशवी फोडली, वजन केले: पाचशे ग्रॅम. पिशवी दळायला बेबाबाईंच्या हाती दिली आणि तेवढ्या वेळात ललितला बोलावले.

बेबाबाई प्रयोगशाळेतल्या मदतनीस. भांडी धुणे, नमुने दळणे, चहा करणे ही त्यांची कामे. त्या रोजंदारीवर होत्या. नऊवारी, कपाळावर आडवे कुंकू. मागच्या खोलीत त्यांचे राज्य होते आणि तिच्या खिडकीबाहेर पत्र्यावर दोन गलेलठ्ठ खारी हक्काने बसलेल्या असत.

ललित वाघ एरवी माती तपासे. रूपाली रजेवर असली की तेलाचे काम त्याच्याकडे येई. सोमवारच्या तपासणीची वही त्यानेच आणली होती. दर सोमवारी एका ठरलेल्या पिंपातले मूठभर शेंगदाणे काढून तेल मोजायचे, म्हणजे पद्धत बिघडली तर लगेच कळते. दोन वर्षांचे आकडे सरळ रेघेत होते, एकोणपन्नासच्या आसपास. फक्त दोन सोमवारी आकडा अडीचाने खाली घसरला होता, आणि दोन्ही ठिकाणी ललितची सही होती.

"दोन्ही वर्षी अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, रूपालीताई माहेरी गेलेली," ललित खाली बघत म्हणाला. "मला तिच्यावर आरोप करायचा नाही, मॅडम. पण ती नसली की तेल उतरते."

तो गेला, आणि पीठ आले. हेमांगीबाईंनी सवयीने घड्याळ पाहिले. दळण्याचे यंत्र दोन मिनिटांत काम करते. बेबाबाईंना वीस मिनिटे लागली होती. भांडी धूत असतील, असे त्यांना वाटले.

त्यानंतर त्या जागच्या हलल्या नाहीत. वाळवणे, तोलणे, भरणे, चंबू, भट्टी, सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले. रूपालीने डबा उघडला, तरी त्या वाकून बघत.

गुरुवारी सकाळी शेवटचे वजन झाले. धुळ्याच्या पिशवीतले दाणे, हेमांगीबाईंच्या पहाऱ्यात: पन्नास पूर्णांक पाच.

रूपालीने आकडा वाचला आणि चंबू पुन्हा तराजूवर ठेवला. आकडा तोच. "मॅडम, मी काहीच केलं नाही. तुम्ही बघत होता."

हेमांगीबाई बघत होत्या. तोच तर घोटाळा होता.

५

नमुना बदलला तरी जळगावचा आकडा चढाच. पद्धत बदलली तरी जळगावच्या पिठाचा आकडा चढाच. म्हणजे गडबड नमुन्यात नव्हती, पद्धतीत नव्हती, आणि रूपालीच्या हातांतही त्यांना दिसली नव्हती. शेंगदाण्याला जळगावची हवा मानवते, एवढेच म्हणायचे उरले होते. राणे म्हणाले, यावरून काय ते सिद्धच झाले. हेमांगीबाई म्हणाल्या, काहीच सिद्ध झाले नाही. पण त्या म्हणाल्या ते पुरेशा जोरात नव्हते.

दुपारी त्या वही घेऊन बसल्या. एक गोष्ट त्यांना खुपत होती. नानांच्या वाणाचा आकडा फुगवला, तर कोणाला तरी आनंद होईल. पण सोमवारच्या पिंपातल्या दाण्यांचा आकडा फुगवून कोणाचे काय भले होणार? ज्या खोट्याचा कोणालाच उपयोग नाही, ते खोटे शंभर सोमवार कोण बोलेल?

त्यांनी पाने पुन्हा चाळली, या वेळी आकडे न बघता, फक्त सह्या बघत. रू., रू., रू. मग ऑगस्टमध्ये ओळीने दोन सोमवारी ल.

आकडे: एकोणपन्नास पूर्णांक एक. एकोणपन्नास.

त्यांनी ललितला हाक मारली. ऑगस्टमध्ये रूपालीला डेंग्यू झाला होता, तो म्हणाला. पंधरा दिवस ती आली नव्हती.

"मग तेव्हा तेल का उतरले नाही?"

ललितने वही स्वतःकडे ओढून दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

रूपाली नव्हती, तरी आकडा चढा. म्हणजे आकडा चढवणारे दुसरेच काही होते, जे ऑगस्टमध्ये इथे होते आणि आखाजीला इथे नव्हते.

"आखाजीला आणखी कोण रजेवर होते? हजेरीपट आणा."

हजेरीपटावर फक्त रूपाली होती. हेमांगीबाईंनी विचारण्याची रीत बदलली. त्या आठवड्यात एरवीपेक्षा काय वेगळे झाले?

ललितने बराच विचार केला. "विशेष काही नाही. कामाचा भार फार होता. चहासुद्धा मीच करत होतो."

हेमांगीबाईंनी वही मिटली. रोजंदारीवरच्या माणसाचे नाव हजेरीपटावर नसते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले होते, कोळसा तपासण्यापूर्वी तो कोणाच्या हातून आला ते विचारा. चाळीस वर्षे त्यांनी ते विचारले. आणि काल स्वतः सील फोडून, स्वतःच्या हाताने, पिशवी कोणाला दिली ते त्या साफ विसरल्या होत्या.

६

मागच्या खोलीच्या दाराआड खिळ्याला एक सूप टांगलेले होते. प्रयोगशाळेच्या सामानाच्या यादीत ते नव्हते.

"बेबाबाई, काल मी पिशवी दिली. तुम्ही तिचे काय केले?"

बेबाबाईंनी पदर सावरला. प्रश्नच त्यांना विचित्र वाटला. "दयी दिधं ना, ताई."

"दळण्याच्या आधी?"

"आधी पाखडं. मंग निवडं. चिमलेल दाना, पोचट दाना, बठ्ठा काढी टाका." आणि हेमांगीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्या जराशा दुखावल्या. "बिगर निवडेल दाना कोनी दयस का, ताई? घरमा पाव्हनाले तरी वाढतस का तसा? आठे तर शिकेलसवरेल लोके. रूपालीताईनं नाव शे त्यावर."

"आणि काढलेले दाणे?"

"खारीसले." त्यांनी खिडकीकडे बोट केले. बाहेरची खार दोन पायांवर उभी राहिली, जणू साक्षीला बोलावले होते.

हेमांगीबाई सुपाकडे बघत राहिल्या. अपक्व, सुरकुतलेल्या दाण्यात तेल कमी असते. ते वेचून काढले की उरलेल्यांची सरासरी चढते. आणि उरलेले टपोरे दाणे सगळे एकाच अंगाचे असतात, म्हणून तिन्ही पिशव्यांचे आकडे भांग पाडल्यासारखे सारखे. धुळ्याचे यंत्र मुठीत येतील ते दाणे मोजत होते, एका नळीत पोचट जास्त, दुसरीत कमी; म्हणून तिथले आकडे विस्कटलेले. दोन्ही यंत्रे खरे बोलत होती. फक्त मोजलेली वस्तू दोन्हीकडे एकच नव्हती. आखाजीला बेबाबाई माहेरी गेल्या, ललितने दाणे तसेच दळले, आणि खरा आकडा चुकीचा म्हणून वहीत पडून राहिला.

पण हे झाले स्पष्टीकरण. स्पष्टीकरणे पुष्कळ जुळतात. कालपर्यंत रूपाली चोर आहे, हेही जुळत होते. म्हणून शुक्रवारी त्यांनी जळगावने राखलेली शेवटची पिशवी सर्वांसमोर फोडली आणि बेबाबाईंना रोजच्यासारखे काम करायला सांगितले. चार जण बघत असल्याने बेबाबाई आधी लाजल्या. मग सूप हातात आले, मनगट फिरू लागले, आणि त्या सगळ्यांना विसरल्या. वीस मिनिटांनी एका बाजूला चारशे ग्रॅम टपोरे दाणे होते, दुसऱ्या बाजूला शंभर ग्रॅम चिमलेले.

हेमांगीबाईंनी कागदावर एक आकडा लिहिला, पाकीट बंद केले आणि नानांच्या हाती ठेवले. मग फक्त चिमलेले दाणे रूपालीला तपासायला दिले.

शनिवारी सकाळी राण्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक ते टाईप केलेले पत्र. दुसरा रूपालीचा निकाल: सदतीस पूर्णांक सहा.

नानांनी पाकीट फोडले. आत लिहिले होते सदतीस पूर्णांक चार.

"चार भाग टपोरे, एक भाग चिमलेले," हेमांगीबाई म्हणाल्या. "पन्नास पूर्णांक चार आणि सत्तेचाळीस पूर्णांक आठ, हे दोन्ही आकडे खरे असायचे, तर चिमलेल्यांत इतकेच तेल असायला हवे होते. आकडे बनवणाऱ्याला हे जमवता आले नसते. नानांच्या दाण्यांत तेल आहे सत्तेचाळीस पूर्णांक आठ. रूपालीने एकही आकडा खोटा लिहिला नाही. तिला दिलेल्या पिठाचा आकडा तिने बरोबर लिहिला. सील फुटल्यापासून दळेपर्यंत दाण्यांचे काय करायचे, याविषयी तुमच्या कार्यपद्धतीत एक ओळ नाही, राणेसाहेब. जिथे ओळ नसते, तिथे माणूस घरची रीत चालवतो."

गेल्या सगळ्या वर्षांचे निकाल राण्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग त्यांनी ते पत्र उभे फाडले, आडवे फाडले, आणि तुकडे कुठे टाकावेत हे न सुचून खिशात घातले. जुन्या निकालांचे काय करायचे ते सोमवारी ठरवू, असे ते म्हणाले. हेमांगीबाईंनी सांगितले, ठरवायचे नाही, कळवायचे. सगळ्यांना.

नाना अजून मनात हिशेब करत होते. दोन पूर्णांक सहा टक्के गमावल्याचे दुःख त्यांना झाले होते, पण पाच दाण्यांतला एक पोचट निघाल्याचे जास्त झाले होते. "आठ दिन घाई व्हयनी उपटाले," ते शेवटी म्हणाले. "दाना भराले पाहिजे व्हता. पुढला साले दखू." आणि बेबाबाईंकडे वळून, "अक्का, तुम्हनी निवड मात्र एकच नंबर."

बेबाबाई मात्र हिरमुसल्या होत्या. काय चुकनं मन्हं, हे त्यांनी रूपालीला दोनदा विचारले. रूपालीने त्यांना खुर्चीवर बसवले, चहा स्वतः केला, आणि कार्यपद्धतीच्या तक्त्यावर पहिल्या ओळीच्या वर एक नवी ओळ लिहिली: नमुना पाखडू वा निवडू नये.

सोमवारी पिंपातल्या दाण्यांच्या तीन मुठी बेबाबाईंनी तशाच, वेगवेगळ्या दळल्या. मान दुसरीकडे फिरवून, पाहुण्यांना खड्यांसकट भात वाढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने. सूप खिळ्यावरच होते आणि पत्र्यावरच्या खारी उगीचच ताटकळल्या.

रूपालीने या वेळी प्रत्येक मुठीचा एक, असे तीन चंबू लावले होते. मंगळवारी आकडे आले: सेहेचाळीस पूर्णांक दोन, सत्तेचाळीस पूर्णांक एक, पंचेचाळीस पूर्णांक सात. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तिने ते वहीत उतरवले आणि दीपनगरला फोन लावला.

"मॅडम, फार विस्कटलेत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आठवडाभरात प्रथमच हसू होते.